वीस पावलांची गाडी

आमच्या मामांनी त्यांची गाडी सलग वीस पावलांपुढे कधी नेली नाही. मी पाहिलं तेवढ्या काळात तरी नाही. परभणीला दवाखान्यात जायचं तर ते एसटीने जात, बाजाराला पायी, लग्नाला कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. गाडी होती ती फक्त जागा सोडण्यासाठी. उभी गाडी सुटली पाहिजे, वीस पावलं गेली पाहिजे, बस. मग ब्रेक. मग खाली उतरायचं, दाराच्या चौकटीला खांदा लावायचा आणि गाडी ढकलत मागे आणायची. क्लच गार होईपर्यंत सावलीत बसायचं. पुन्हा सोडायची. अख्खी दुपार हेच.

ते माझे मामा नव्हेत. पालमच्या बाजूला निम्मं गाव त्यांना मामा म्हणायचं आणि उरलेलं निम्मं येडं म्हणायचं. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. माती तपासायच्या एका प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी मदतनीस म्हणून गेली. शेतकरी पिशवीतून माती आणत, मामा ती वाळवत, कुटत, चाळत, आणि साहेब सही करत. साहेब खुर्चीत बसायच्या आधीच मामांनी चिमूटभर माती थुंकीने ओली करून अंगठा आणि बोटात घोळवलेली असे. तिची वळी किती लांब निघते आणि कुठं तुटते, एवढ्यावर ते सांगत, पाणी किती धरील, काय पिकवील. यंत्र नंतर तेच सांगे. मदतनीस म्हणून लागले आणि मदतनीस म्हणूनच निवृत्त झाले. यावर मी एक वेगळं पत्रक काढू शकते.

आमच्या संघटनेतले लोक विचारतात, तू या माणसावर काय लिहितेस? त्याने कुठला मोर्चा काढला? एकही नाही. कुठल्या निवेदनावर सही केली? तीही नाही. तरी लिहिते. कुणाला खटकत असेल तर खटकू द्या.

त्या वर्षी मी रस्त्यावरच्या शर्यतींविरुद्ध पत्रकं वाटत होते. हमरस्ता नवा, सिमेंटचा, सरळ. पैसेवाल्यांची पोरं त्यावर संध्याकाळी गाड्या पळवायची. आमच्या गल्लीतल्या एका मुलीला सायकलवरून उडवलं, तिचा हात दोन ठिकाणी मोडला. पोलिसांत गेलो तर म्हणाले, गाडीचा नंबर आणा. म्हणजे रस्त्यात पडलेल्या नववीतल्या पोरीने मान वर करून नंबर वाचायला हवा होता! मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा, "रस्ता कुणाच्या बापाचा?" आत आणखी प्रश्नचिन्हं तीन, उद्गारचिन्हं मोजली नाहीत.

बसस्टँडवर एका म्हाताऱ्याने ते घेतलं. पांढरा सदरा, पायजमा, पायांत काहीच नाही. बाकी लोक पत्रक घेतात आणि त्यात शेंगदाणे बांधतात. हा उभ्या उभ्या वाचत राहिला. दोन्ही बाजूंनी पाहिलं. मागची बाजू कोरी आहे हे पाहून खूश झाल्यासारखा वाटला. मग माझ्याजवळ आला.

"हे तू लिवलंस?"

"हो."

"म्हणणं बरोबर हाय तुझं. रस्त्यावर पळवणारा ड्रायव्हर न्हाईच, त्याला गाडीची भीती वाटती म्हणून तो तिला पळवतो. पण तू लय रेटायलीस, पोरी. पयल्याच वळीत एवढा जोर लावला की चाक जाग्यावर फिरायलंय. धूर दिसतो, गाडी हलंना."

मी उखडले. "तुम्हाला पत्रकातलं काय कळतं?"

"पत्रकातलं न्हाई. धुराचं कळतं." आणि हात पुढे केला. "अजून वीस-पंचवीस दे."

मला वाटलं, चला, वाटायला माणूस मिळाला.

आठवड्याने मी त्यांच्या शोधात निघाले. पत्रकं वाटली का, कुणाला दिली, लोक काय म्हणाले, हे विचारायची आमची पद्धत आहे. कुणीतरी सांगितलं, मामा होय, ते घरी नसतील, सूतगिरणीत बघा.

सूतगिरणी बंद पडून जमाना झाला. फाटकातून आत गेलं की एक सरळ सिमेंटचा रस्ता, पूर्वी कापसाचे ट्रक यायचे तो. दोन्ही बाजूंना कडुलिंब. रस्त्याच्या शेवटी यंत्रं नसलेली लांबच लांब शेड, आणि तिच्यात इतके पारवे की आत शिरलं तर पुन्हा गिरणी चालू झाल्याचा भास व्हावा. भिंतींच्या फटींत जुना कापूस अजून अडकलेला होता. वाऱ्याने त्यातला थोडा सुटायचा आणि रस्त्यावरून जमिनीला न टेकता जायचा. उन्हाळ्याच्या दुपारी तिथं बसलं की मला नेहमी पाण्याखाली असल्यासारखं वाटे. आवाज उशिरा येत. राखणदार चाचा खाटेवरून काही बोलले तर मला ते वाक्य संपल्यावर ऐकू यायचं.

आणि त्या रस्त्याच्या मधोमध एक चौकोनी, पांढरी, जुनी मारुती उभी. पुढचं चाक जॅकवर. त्या चाकाला मामांनी काळ्या मातीचा पातळ चिखल फासलेला. खाली कागद. मामांनी जॅक हळूहळू सोडला, चाक कागदावर टेकलं, पुन्हा उचलला. कागदावर ठसा उमटला, तळहाताएवढा. मामांनी तो उन्हात वाळत घातला. शेजारी तसेच पाच-सहा कागद दगडाखाली दाबलेले. उलटून पाहिलं. "रस्ता कुणाच्या बापाचा?"

"मामा! ही पत्रकं वाटायला दिली होती!"

"रागावू नको. कागद बरा हाय तुझा, शाई पितो." मग माझ्यासमोर तो ठसा धरला. "हे बग. एवढी मोठी गाडी, आन् जमिनीला टेकायली कितीशी? चाक चार, तळहात चार. त्यातले मागचे दोन नुसते सोबतीला. गाडीला वडणारे पुढचे दोन. दोन तळहातांवर सगळा खेळ हाय. हवा जास्ती भरली तर तळहात मिटतो. कमी केली तर पसरतो, पण लय कमी केली की मनगट लुळं पडतं, गाडी हेलकावती. ह्या दोन्हींच्या मधी एक जागा हाय. ती मी हुडकायलोय."

"किती वर्षं?"

मामांनी चाचांकडे पाहिलं. चाचा खाटेवरून म्हणाले, "पहिले दाढी काली थी इनकी."

निघताना मी माझी पत्रकं परत घेतली नाहीत. का, ते मला आजही सांगता येत नाही.

त्यांच्या घरी गेलं की ओसरीत गाडीची मागची सीट. पाहुण्याला तिच्यावरच बसवायचे. गाडीचं मागचं वजन कमी व्हावं म्हणून मामांनी ती काढली होती, जादा चाक काढलं होतं, मागच्या दारांचे पत्रेसुद्धा आतून सोलले होते. मामी त्या सीटवर बसून लसूण सोलायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या.

"बसा बाई बसा, गाडीत बसल्यासारखं वाटंल. मला तर ह्या गाडीत असंच बसाय मिळालं. दळण डोक्यावर आणते मी, आन् ह्यांची गाडी तिकडं गिरणीत वीस पावलं जायलीय. आमच्या बैलानं बी जास्ती मुलूख बघितला."

"बैलाचं नाव काढलंस ते बरं केलंस," मामा आतून म्हणायचे, आणि मग तो विषय निघायचाच.

"बैल उठताना कधी बघितलास का?" त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणाले, शेतकऱ्याची पोर आहे मी, रोज बघते. "मग सांग, आधी कुठून उठतो?"

मला सांगता आलं नाही. रोज पाहिलेलं, आणि सांगता आलं नाही. मला स्वतःची चीड आली.

"बैल आधी मागून उठतो. बूड वर, मग पुढचे गुडघे. घोडा आधी पुढून उठतो. गाडी जागा सोडताना घोड्यासारखी करती, नाक वर करती आन् मागं बसती. ज्या गाडीला मागची चाकं वडतात तिचं ठीक हाय, वजन त्यांच्यावरच आलं. आपली वडती पुढून. म्हंजे ज्या येळेला पुढच्या चाकांना वजन पायजे त्याच येळेला ते मागं पळालं. मग चाक फिरतं, कुंईकुंई वरडतं, लोकाला वाटतं गाडी लय ताकदीची." ते हसायचे. "म्हणून हिला बैलासारखं उठायला शिकवायलोय."

त्यासाठी मागच्या स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत त्यांनी जुन्या टायरचे रबरी तुकडे कापून बसवले होते, बूड दबू नये म्हणून. मागच्या चाकांत हवा टणक. गाडी उभी असली तरी नाक खाली घालून रवंथ करत असल्यासारखी दिसायची.

चाक अजिबात घसरू नये असंही त्यांचं म्हणणं नव्हतं. मी एकदा असं म्हणाले तर मान हलवली. "थोडं घसरतंच. थोडं घसरल्याबिगर पकड कुठं हाय ते कळत न्हाई. पण एकदा हुंकार द्यावा आन् चालू लागावं. रडत बसू न्हाई."

रस्ता ते पायाने वाचायचे. गाडी सोडायच्या आधी ओल्या गोणपाटाने वीस पावलं झाडून काढायची, मग अनवाणी चालायचं, एकेक पाऊल पूर्ण टेकवत. खडा कुठं, माती कुठं राहिली, सिमेंट कुठं गुळगुळीत झालंय, किती तापलंय. "सकाळी गार असतं, चाक धरत न्हाई. भर दुपारी धूळ मोकळी होती. चारच्या पुढं, ऊन उतरलं आन् जमीन कोमट राहिली की मग." चारच्या पुढचा तो एक तास मामांचा होता. मीही त्यात किती वेळा जाऊन बसले! संघटनेच्या बैठका चुकवून. लिंबोळ्या पडायच्या, पारवे घुमायचे, गाडी सुटायची आणि थांबायची, सुटायची आणि थांबायची. कुणी बोलायचं नाही. मला तिथं घोषणा आठवायच्या नाहीत.

पण मी पाहिलं होतं की ते चिडायला लागलेत. दहातल्या सहा-सात वेळा गाडी एक तर आचका देऊन बंद पडे, नाही तर रडे. मी विचारलं. त्यांनी टाळलं. आठ दिवसांनी स्वतःच बोलले.

"डावा पाय खोटं बोलायलाय."

"म्हणजे?"

"साखर हाय मला, ठावं हाय ना? क्लच वर येताना एक जागा येती. पकड धरायची जागा. तिथं गाडी अंग चोरती, बोनेट जरासं उचलतं, पायाच्या गादीला बारीक कंप येतो. तिथं श्वासभर थांबायचं, आन् मग गाडी सोडायची. सगळं त्या एका जागंत हाय. बाकी हवा, रबर, गोणपाट, ती नुसती तयारी. आता पाय वर येतो आन् मला कळतच न्हाई, ती जागा आली का गेली. कापसावर ठेवल्यासारखा पाय. वर्षभरात पार जाईल म्हणतो डॉक्टर, नुसतं ऐकून. जाऊ दे पाय. पण त्या जागंचं मी कुणाला सांगितलंच न्हाई. माझ्यासंगं जाईल ती."

मी म्हणाले, लिहून काढा. मी छापते.

"लिहून कसं? चपला काढ आन् बस गाडीत."

लायसन्स माझ्याकडे होतं. मोर्च्याला जीप लागते आणि ड्रायव्हर ऐनवेळी आजारी पडतो, म्हणून काढलेलं. मी बसले. त्यांनी सांगितलं तसा इंजिनाचा आवाज एका सुरात धरला, क्लच सोडला, गाडीने उडी मारली आणि बंद पडली. चाचा खाटेवर उठून बसले. "या अल्लाह, मोर्चा आला!"

"पुढारीणबाई," मामा खिडकीत वाकून म्हणाले, "पाय हाय तो. झेंडा न्हाई."

महिना गेला. माझ्या पायाला ती जागा एका संध्याकाळी सापडली, काही न करता. मी थकले होते आणि जोर लावायचा विसरले. क्लच वर येत होता आणि अचानक आवाज एक पायरी खाली उतरला, बोनेट श्वास घेतल्यासारखं उचललं, आणि अख्खी गाडी माझ्या तळव्यावर उभी राहिली. वजन नव्हतं तिला. मी हँडब्रेक सोडला. चाकांनी एक हुंकार दिला. वीस पावलं मला आठवत नाहीत. मागे वळून पाहिलं तर मामा रस्त्याकडे पाठ करून उभे होते, चेहरा लिंबाकडे. त्यांनी मला कधीच दिसू दिलं नाही, पण मला वाटतं ते रडत होते. आता ते लिहायला हरकत नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पुढचं मी केलं.

एका ठेकेदाराचा पोरगा हमरस्त्यावरच्या टोळीचा म्होरक्या होता. माझं पत्रक त्याने स्वतःच्या गाडीच्या काचेला चिकटवून मिरवलं होतं. मी बाजारात त्याला सगळ्यांदेखत अडवलं. म्हणाले, तुला एक म्हातारी मारुती हरवील. तो म्हणाला, कुठं? म्हणाले, सूतगिरणीत, वीस पावलं. हरलास तर हमरस्ता सोडायचा, तुझ्या सगळ्या पोरांनी.

"वीस पावलं?" तो मित्रांकडे वळला. "ताई, तेवढ्यात तर मी सीट मागं घेतो." सगळे हसले. पण हसल्यामुळेच त्याला हो म्हणावं लागलं.

मामांना हे आवडलं नाही. आधी म्हणाले, न्हाई. मग मी त्या सायकलवाल्या मुलीच्या हाताची गोष्ट काढली. मग म्हणाले, बरं, गाडी तू सोड, पण चारच्या पुढं.

मी म्हणाले, चारला बाजार उठतो. जीपा भरून माणसं निघून जातात. बघायला कुणी नसेल तर उपयोग काय? साक्षीदार पाहिजेत. एक वाजता.

"एकला जमीन बरोबर नसती, पोरी."

"मामा, माणसं महत्त्वाची का जमीन?"

हे मी विचारलं. मी, जी पोलिसांना, तहसीलदाराला, सगळ्यांना विचारत फिरते की तुम्हाला माणूस दिसतो का. मामा म्हणाले, "बरं, एकला."

माणसं आली. सव्वाशे-दीडशे तरी असतील. लिंबाखाली, शेडच्या पायऱ्यांवर, फाटकावर चढून. ऊन असं की रस्त्याचं ते टोक पाण्यात बुडालेलं दिसत होतं. त्या पाण्यातून मामा गोणपाट ओढत आले. आपली वीस पावलं झाडली. मग शेजारची वीस पावलंही झाडली, त्या पोराची. लोक हसले. चाचा ओरडले, "अरे, दुश्मन का आंगन काहे को झाडते?"

"दोघांला सारखी जमीन पायजे," मामा म्हणाले. "न्हाई तर काय कळणार?"

मग ते अनवाणी चालले. आपल्या बाजूने जाऊन आले, त्या पोराच्या बाजूने जाऊन आले, पुन्हा आपल्या बाजूने. एकेक पाऊल पूर्ण टेकवत, घाई नाही, कपाळावर आठी नाही. मला अभिमान वाटला. पुढच्या पत्रकाची पहिली ओळ मला तिथंच सुचली, तापल्या सिमेंटवर चालणाऱ्या म्हाताऱ्याची.

त्या पोराच्या गाडीच्या डाव्या चाकासमोर ते खाली बसले. जमिनीला तळहात लावला आणि "स्स" करून झटक्याने उचलला. हात उचलला. पाय तिथंच होते. हे मी पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर पाहिलं, आणि दोन्हींची जोड मला लागली नाही.

"बाळा," ते त्याला म्हणाले, "तुझ्या डाव्या चाकाखाली बारीक वाळू हाय, झाडून बी निघंना. हातभर उजवीकडं घे गाडी."

"काका, तुमी तुमचं बघा की," तो म्हणाला, आणि काच वर केली.

चाचांनी रुमाल टाकला. त्याच्या गाडीने आधी गर्जना केली, मग धूर. डावं चाक फिरत राहिलं, गाडीचं तोंड तिरकं झालं. मी हे नंतर ऐकलं. मला फक्त माझा तळवा आठवतो, आणि आवाजाची ती एक पायरी, आणि एक हुंकार. विसाव्या पावलाला मी थांबले तेव्हा तो अजून दहाव्याच्या आसपास होता. पुढे गेला असता तर त्याने मला गिळलंच असतं, पण पुढे जायचं ठरलं नव्हतं.

लोकांनी आरोळी ठोकली. मी टपावर चढून भाषण केलं. चांगलं झालं म्हणतात. पोरांनी हमरस्ता सोडला. किती दिवस? चार. पाचव्या दिवशी पुन्हा सुरू. खोटं कशाला लिहू?

त्या दिवशी संध्याकाळी मामी पाय धुवायला पाणी घेऊन आल्या आणि किंचाळल्या. मी ओसरीत त्या सीटवर बसून पोहे खात होते. दोन्ही तळव्यांची कातडी फुगून लोंबत होती. मामा बघत होते, दुसऱ्या कुणाचे पाय असल्यासारखे.

"अगं, दुखंना काई," ते म्हणाले. "वरडू नको."

मामी माझ्याकडे वळल्या. "तुला ठावं होतं ना, बाई? ह्यांच्या पायाला कळत न्हाई म्हणून?"

क्लचचं कळत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांनी फक्त डाव्याचं सांगितलं होतं. उजवाही बधिर होत चालला होता हे सांगितलं नव्हतं. पण ही पळवाट झाली. ज्या पायाला पकड कळत नाही त्याला चटका कुठून कळेल, हे चौथीतल्या पोराने जोडलं असतं. मी त्याला सोसणं समजले. सोसायला आधी कळावं लागतं.

उजवा पाय भरला. डावा चिघळला. सरकारी दवाखान्यात मलम मिळालं, गोळ्या मिळाल्या, आणि भिंतीवर एक फलक होता, मधुमेहींनी पायांची काळजी घ्यावी. इतक्या वर्षांत त्यांचा मोजा काढून तळव्याला हात लावून बघणारा एक डॉक्टर त्यांना भेटला नव्हता. मोजे ते घालतच नव्हते, म्हणजे तेवढेही कष्ट नव्हते. यावर मी पत्रक काढलं. त्यात माझंही नाव घातलं, एक वाजताची वेळ कुणी ठरवली त्यासकट. संघटनेला ते आवडलं नाही. मी वाटलं.

परभणीला ऑपरेशन झालं. डावा पाय गुडघ्याखाली चार बोटं ठेवून काढला. मी आठ दिवस गेले नाही. जायला तोंड नव्हतं. नवव्या दिवशी मामींनी निरोप धाडला, ते इचारायलेत, गाडी सोडती का पोरगी, का गंज चढला?

मी दुसऱ्या दिवशी आधी सूतगिरणीत गेले, मग एसटीने परभणी.

वॉर्डात पंखा हळू फिरत होता. मामा बारीक झाले होते. पायाचं काही बोलू दिलं नाही. मी माफीचं वाक्य तयार करून आणलं होतं, ते पहिल्या तीन शब्दांत तोडलं. डॉक्टरांनी मला बाहेर सांगितलं होतं की काढलेला पाय काहींना नंतरही जाणवतो, कधी दुखतो, कधी खाजतो. मामांनी तोही विषय काढला नाही. म्हणाले, "आज सोडलीस?"

"सोडली. सकाळी."

"सांग."

"चांगली गेली. एकदम—"

"तसं नगं. पत्रक नगं वाचू. सुरुवातीपासनं सांग."

मी सुरुवातीपासून सांगू लागले. गोणपाट भिजवलं. झाडलं. चपला काढल्या. सिमेंट गार होतं, रात्रीची ओल होती. गाडीत बसले. दार लागेना, दोनदा ओढलं. पारवे होते.

"व्हय. फुडं."

पहिला गिअर टाकला. आवाज धरला, तुम्ही शिकवलेल्या सुरात. जरा वर गेला, खाली आणला.

"घाई करायलीस. पाय सांग."

"पाय वर येतोय," मी म्हणाले. "अजून काही नाही. अजून नाही. अजून नाही."

त्यांनी डोळे मिटले होते. चादरीखाली डावा गुडघा हलला. पट्टीच्या पुढे चादर सपाट पडली होती, खाटेला टेकून. गुडघा हळूहळू वर यायला लागला, माझ्या बोलण्याच्या चालीने, आणि अर्ध्यात थांबला. सगळा चेहरा थांबला त्यांचा.

"हाय," ते अगदी हळू म्हणाले. "हितं हाय. कंप यायलाय. लय दिवसांनी."

पुढचं मला तोंडपाठ होतं. हँडब्रेक, हुंकार, वीस पावलं. तीन वाक्यं. मी आयुष्यभर तीनच वाक्यांत शेवटाला पोचत आले आहे. मी त्या गुडघ्याकडे पाहिलं.

"आवाज खाली उतरलाय, मामा," मी म्हणाले. "बोनेट उचललंय. तळव्याला गुदगुल्या होतायत. समोर रस्ता मोकळा आहे, कापूस चाललाय त्यावरून, जमिनीला टेकत नाही. गाडी थरथरायलीय. सोडली नाही मी. अजून धरलीय."

ते हसले, डोळे न उघडता. मी सांगत राहिले. लिंबाची सावली सांगितली, काचेवरची धूळ सांगितली, सीटच्या उसवलेल्या टाक्यातून बाहेर आलेला स्पंज सांगितला. सुचेल ते सांगत गेले, आणि गाडी सुटू दिली नाही.